भुवईपेटी

सुरुवातीलाच सांगून टाकते, एक प्रसंग सोडला, तर मी आजवर एकाही मुलावर आवाज चढवलेला नाही! माझा उभा जन्म मुलांना गाणं शिकवण्यात गेला. पण छडी नाही, आरडाओरडा नाही, कान पिळणं तर नाहीच नाही. माझं सगळं काम माझी डावी भुवई करते. आवाज चढवायचा नाही, भुवई चढवायची! ती जराशी वर गेली की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते. आणखी थोडी वर गेली की दप्तरात लपवलेलं खाणं आपोआप बाहेर येतं. आणि पूर्ण वर गेली, तर मुलांना न्यायला आलेले पालकसुद्धा मोबाइल खिशात घालून सरळ उभे राहतात!

माझा दुसरा गुण म्हणजे धीर. एखादं मूल 'सा' लावायला पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळ घेणार असेल, तर घेऊ दे बापडं. मी थांबते.

तिसराही गुण आहे, पण आमचे हे त्याला दुर्गुण म्हणतात. माझा चटकन कशावर विश्वास बसत नाही. लिफ्टवर 'लिफ्ट चालू आहे' अशी पाटी दिसली की मी जिन्याने जाते. चालू लिफ्टला पाटी कशाला हवी? काहीतरी गडबड असणार! हे म्हणतात, "अगं, तू आरशासमोर उभी राहिलीस तरी पलीकडच्या बाईकडे 'ही कोण?' म्हणून बघतेस!"

आता हे तीन गुण एकाच कपाळामागे राहतात, आणि एक दिवस ते एकमेकांच्या पायात पाय घालणार, हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं!

आमचा गाण्याचा वर्ग एका जुन्या लॉन्ड्रीच्या जागेत भरतो. लॉन्ड्री गेली, पण साबणाचा वास आणि फरशीचा उतार मागे राहिला. सगळी फरशी कोपऱ्यातल्या मोरीकडे झुकलेली. पेन्सिल पडली की मोरीत. चेंडू पडला की मोरीत. आणि ठिणगीची चाकांची खुर्ची सोडली, तर तीही मोरीच्या दिशेने निघते!

ठिणगी म्हणजे माझी नवी विद्यार्थिनी. वय अकरा. हातपाय तिचं ऐकत नाहीत, मान आणि चेहरा मात्र पूर्णपणे तिच्या ताब्यात. बोलणं हळू. एकेक अक्षर धक्का देऊन बाहेर काढावं लागतं. पण बाहेर आलेला शब्द असा चटका देतो, की तिच्या घरच्यांनीच तिचं नाव ठिणगी पाडलं. पहिल्या दिवशी मी कौतुकाने विचारलं, "काय गं, गाणं आवडतं का तुला?"

ती अक्षरं जुळवत राहिली. मी थांबले. अगदी शेवटपर्यंत थांबले.

"आ... व... ड... तं," ती म्हणाली. "तु... म... चं... ना... ही."

त्याच दिवशी आमचं जमलं!

तिच्या खुर्चीचा ब्रेक ढिला होता. तिचे बाबा बस चालवतात. ते म्हणाले, "बाई, एवढी मोठी बस मी एका पायाच्या दाबाने उभी करतो, पण हिची खुर्ची काही ऐकत नाही! दर रविवारी ब्रेक आवळतो, सोमवारी पुन्हा ढिला." त्यामुळे खुर्चीचे दांडे धरून मागे उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. हे नीट लक्षात ठेवा. मी मात्र विसरले.

ठिणगीला वाद्य वाजवायचं होतं. पेटीला हात लागतो, बासरीला बोटं लागतात, डफलीला दोन्ही. मी हे घरी बोलून दाखवलं, तर आमचे जावईबापू एकदम ताठ बसले. त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस सज्जन. पण जावई सज्जन निघाला की सासूला जास्तच संशय येतो, तो वेगळा विषय.

एका रविवारी ते वर्गात एक पडदा, त्यावर बसवलेला कॅमेरा आणि भाकरीएवढा स्पीकर घेऊन हजर!

"आई, हे ठिणगीचं वाद्य," ते म्हणाले. "कॅमेरा हिचा चेहरा बघतो. मान सरळ असली की 'सा', वळवली की पडद्यावर दुसरा सूर निवडला जातो. भुवई उचलली की तो वाजतो."

"भुवईने?"

"भुवईने!"

मुलांनी तिथल्या तिथे बारसं केलं. भुवईपेटी!

ठिणगीने मान वळवली, भुवया उचलल्या, आणि स्पीकरमधून गोल, गुळगुळीत सूर आला. पूं! मग दुसरा. मग तिसरा. मुलं नाचायला लागली. तिचे बाबा खिडकीकडे तोंड करून उगीचच नाक पुसू लागले. मी खुर्चीमागे उभी राहून ऐकत होते, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हे खरंच ही पोर वाजवतेय? की आतमध्ये गाणं आधीच भरून ठेवलंय आणि आपण सगळे टाळ्या पिटतोय?

पूं!

"वा, ठिणगी!" जावईबापू ओरडले.

"मी... ना..." ठिणगी म्हणाली.

"लाजू नकोस गं!" मी तिच्या खांद्यावर थोपटलं.

आमचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. मी ठरवलं, गाण्याची पहिली ओळ एकट्या ठिणगीने वाजवायची. शेवटचा 'सा' वाजला की तीच खूण समजून सगळ्या मुलांनी गायला सुरुवात करायची. ठिणगीचे डोळे असे चमकले, की खोलीतला दिवा मालवला असता तरी चाललं असतं! दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी सांगितलं, "बाई, ही झोपेतसुद्धा भुवया उडवते."

तालीम सुरू झाली. ठिणगीने ओळ छान उचलली. सा, ग, प... आणि मधेच पूं! अर्धी मुलं गायला लागली, अर्धी पहिल्या अर्ध्यांना दटावायला लागली.

"पुन्हा!"

पुन्हा छान सुरुवात. आता काय होतंय ते बघूच, असं म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. पूं! पूं!

मला समजलं. जावईबापू! ते कोपऱ्यात बसून मोबाइल चाळत होते. नक्की तिथूनच वाजवत असणार! पण जावयावर आरोप कसा करायचा? मी गोड आवाजात म्हटलं, "जावईबापू, मोबाइलने डोळे बिघडतात हो. द्या इकडे." मोबाइल घेतला आणि बिस्किटांच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. मग पुन्हा खुर्चीमागे येऊन डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघितलं, खास माझ्या पद्धतीने.

पूं!

म्हणजे हे नव्हेत. मग उरलं कोण?

"ठिणगे," मी मागूनच विचारलं, "तू मुद्दाम तर नाही ना करत?"

पूं!

"बघ! विचारलं तरी करतेस!"

ठिणगी पडद्याकडे बघत होती. पडद्यावर काहीतरी पिवळं इकडून तिकडे उड्या मारत होतं. माझा जवळचा चष्मा घरी राहिला होता. मला वाटलं, माशी असेल. ठिणगीचे डोळे मात्र एकदम मोठे झाले.

"बा... ई..." ती म्हणाली. "भु..."

"भूक लागली? अगं मग सांगायचं नाही का आधी! उपाशीपोटी कुणाचा सूर लागतो?" मी डब्यातून जावईबापूंच्या मोबाइलखालचं बिस्किट काढून तिला भरवलं.

तिने ते गिळलं. "भु..."

"अजून?" दुसरं भरवलं.

तिने तोंड घट्ट मिटलं आणि डोळे बंद केले. जरा वेळाने तिने वेगळा शब्द काढला. "क... पा..."

"कपाट!" मी ओरडले. बरोबर! लॉन्ड्रीचं जुनं लोखंडी कपाट खोलीतच होतं. कुणी आत लपून तर वाजवत नाही? मी खुर्ची जावईबापूंच्या हाती दिली, पाय न वाजवता कपाटाजवळ गेले आणि दार खस्सकन ओढलं. आतून अकरा डफल्या, एक झाडू आणि मागच्या वर्षी हरवलेला माझा जवळचा जुना चष्मा अंगावर कोसळला! डफल्या खणखणत मोरीकडे निघाल्या, मुलं त्यांच्या मागे निघाली, आणि चष्मा माझ्याच पायाखाली आला. त्या गोंधळात ठिणगी एकटी शांत बसून छताकडे बघत होती. आपण कुणाच्या वर्गात येऊन पडलो, असं काहीसं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मी कपाटाशी होते, तेवढ्या वेळात एकही फालतू पूं वाजला नाही! म्हणजे यंत्र माझ्या पाठीमागे साळसूदपणे वागतं आणि मी जवळ असले की खोड्या काढतं. भलतंच लबाड!

मी त्याची एकट्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. सगळ्यांना बाहेर पाठवलं. दार लावलं. यंत्रासमोर हाताची घडी घालून उभी राहिले. ते गप्प. मीही गप्प. वाटलं, उगाच शंका घेतली बिचाऱ्यावर. पण मग वाटलं, हे जरा जास्तच साधं दिसतंय! जरा पुढे वाकून त्याच्याकडे निरखून बघितलं, तोच...

पूं!

मी दार उघडून अशी बाहेर आले, की चपला आतच राहिल्या! "जावईबापू! वाजलं! आत चिटपाखरू नव्हतं!"

"तुम्ही होतात ना, आई?"

"मी होते! पण मी काय वाजवते? मी तर नुसती बघत होते!"

जावईबापूंनी डोकं खाजवलं. "घरी तर चांगलं चालतं. तिथे मी एकटाच असतो समोर."

समोरचा दात पडलेला आमचा एक गायक हे सगळं ऐकत होता. त्याला आम्ही दातपडक्या म्हणतो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, ठिणगी शांगत होती! ती 'भू भू' म्हणत होती! भूत!"

झालं! भुताची बातमी वर्गातून जिन्यात, जिन्यातून रस्त्यात आणि रस्त्यातून घराघरात गेली. लॉन्ड्रीत म्हणे कपड्यांबरोबर कुणीतरी धुतलं गेलं होतं, तेच आता सूर लावतंय! एका आजींनी फोन करून विचारलं, "भूत सुरात आहे ना? मग राहू दे!" मुलं एकमेकांच्या शर्टाला धरून गायला लागली, त्यामुळे एक चुकला की सगळी रांग चुकायची. इकडे ठिणगीचे बाबा वेगळ्याच काळजीत. "बाई, हिला हल्ली सारखी भूक लागते. घरीही 'भु' म्हणते. मी खाऊ घालतो, ती चिडते. चिडली की मी अजून खाऊ घालतो. वजन वाढलंय हो!"

शेवटच्या तालमीला पूं, पूं आणि पुन्हा पूं! मुलं तीनदा भलत्याच ठिकाणी गायला लागली. माझा धीर खरोखर संपला. तरी आवाज चढवला नाही हं! शांतपणे म्हटलं, "ठिणगे, कार्यक्रमात एकही जास्तीचा सूर आला, तर भुवईपेटी बंद. पहिली ओळ मी पेटीवर वाजवीन. तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजव."

ठिणगीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"टा... ळ्या?" ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी खुर्चीच्या दांड्याची धूळ पुसली. त्यानंतर ती 'भु'सुद्धा म्हणाली नाही.

कार्यक्रमाला वर्ग खचाखच भरला. एरवी पालकांना हाताला धरून आणावं लागतं, पण भूत ऐकायला सगळे आपण होऊन आले! खुर्च्या कमी पडल्या. मोरीच्या बाजूला बसलेले लोक हळूहळू आणखीच मोरीच्या बाजूला सरकत होते. आमचे हे पहिल्या रांगेत माकडटोपी घालून बसले होते. पंख्याचा वारा लागला की यांना शिंका येतात.

मी खुर्चीचे दांडे धरून मागे उभी राहिले. समोर भुवईपेटी, बाजूला मुलांची रांग, ठिणगीच्या तोंडापाशी निवेदनाचा माइक. मी खूण केली. "चल, बाळ."

ठिणगीने भुवई हलवली नाही.

"चल ना!"

"आ... धी," तिचा आवाज माइकमधून खोलीभर पसरला. "ऐ... का." आणि मग तिने तो शब्द पुन्हा काढला. "भु..."

"भूत!" दातपडक्या किंचाळला. सगळी रांग एकमेकांच्या शर्टाला लटकली.

"भूक!" तिचे बाबा डबा उघडत उठले. "थांबा, थांबा, आणलंय मी!"

"भूत!"

"अहो, भूक!"

अर्धी खोली भूत म्हणत होती, अर्धी भूक! ठिणगीने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ तो शब्द धरून बसले होते. पुढचं अक्षर दाराशी येऊन थांबलं होतं, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढे गर्दी करून उभे होतो.

मला एकदम पहिला दिवस आठवला. तेव्हा मी थांबले होते. त्यानंतर?

आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी आवाज चढवला! "गप्प बसा सगळे! तिचं वाक्य पुरं होऊ द्या!"

बाबांचा चमचा हवेतच राहिला.

"भु... व... ई," ठिणगी म्हणाली. श्वास घेतला. "बा... ईं... ची."

माझी? माझ्या भुवईचा काय संबंध?

पूं!

मुलं गुणी हो माझी. 'सा' ऐकला की सुरू करायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं! सगळ्यांनी एका दमात गाणं सुरू केलं.

"थांबा!" मी म्हटलं. "माझी भुवई कशी काय..."

पूं!

जावईबापू धावत पडद्यापाशी आले. पडद्यावरची पिवळी माशी ही माशी नव्हतीच. ती चौकट होती! ज्याच्या चेहऱ्यावर ती बसेल, तो वादक. पडद्यात दोन चेहरे दिसत होते. खाली ठिणगी आणि तिच्या डोक्यावर, चंद्रासारखी उगवलेली मी!

"आई," जावईबापू अतिशय आदराने म्हणाले, "यंत्र ज्याची भुवई सगळ्यात वर जाते त्याचं ऐकतं. आणि तुमच्यापुढे... म्हणजे... कुणाचीच एवढी जात नाही."

"म्हणजे इतके दिवस... आणि ते 'कपा' म्हणजे कपाळ..."

पूं!

"बंद कर तुझी भुवई!" आमचे हे पहिल्या रांगेतून ओरडले. "पोरीला वाजवू दे!"

सगळी खोली हसत होती. ठिणगीचे बाबा डब्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत होते. "भुवई म्हणत होतीस होय गं? आणि मी तुला दोन दोन वेळा जेवायला घातलं!"

मी भुवई खाली ओढायचा प्रयत्न केला. तुम्ही करून बघा! भुवईला 'चढू नकोस' म्हटलं की ती जास्तच चढते. बाजूला व्हावं, तर दांडे सोडताच खुर्ची मोरीकडे निघाली. पुन्हा धरावे लागले. जावईबापूंना धरायला सांगावं, तर ते पडद्यापाशी गुंतलेले!

"टो... पी," ठिणगी म्हणाली.

या वेळी कुणीही तिचा शब्द मधे तोडला नाही.

यांनी उठून आपली माकडटोपी माझ्या डोक्यात घातली आणि हनुवटीपर्यंत ओढली. आत लोकर, अंधार आणि यांच्या केसांच्या तेलाचा वास. बाहेरून जावईबापूंचा आवाज आला, "आता चेहरा एकच दिसतोय!"

मग ठिणगीने ओळ वाजवली. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. सा, ग, प. एकेक सूर जागच्या जागी. कुठे घाई नाही, कुठे जास्तीचं काही नाही. 'हे खरंच ही पोर वाजवतेय?' असं मी पहिल्या दिवशी मनात विचारलं होतं. वाजवत होती हो, ती पहिल्या दिवसापासून वाजवत होती! जिच्यावर संशय घ्यायला हवा होता ती बाई नेमकी आरशाच्या अलीकडे उभी होती. शेवटचा 'सा' थांबला, मुलांनी बरोबर गाणं उचललं, आणि मी टोपीच्या आत एकटीच नाक ओढत उभी राहिले. लोकांना वाटलं, मला गुदमरतंय!

कार्यक्रम संपल्यावर ठिणगीपाशी गेले. "चुकले मी. आता शिक्षा काय ते सांग."

तिने एकेक अक्षर जुळवलं. मी शेवटपर्यंत थांबले. "जु... ग... ल... बं... दी."

तेव्हा हल्ली असं आहे. जावईबापूंनी यंत्राला दोन चेहऱ्यांचं एकदम ऐकायला शिकवलंय. खालचे सूर ठिणगीचे, वरचा 'सा' माझा. दर रविवारी ती मला शिकवते. संशयाने आपोआप चढणारी माझी भुवई तालावर मात्र चढता चढत नाही! सम येऊन जाते, मी कपाळाशी झटापट करत राहते, आणि गेल्यावर कधीतरी माझा पूं येतो. पण ठिणगीचा धीर मोठा. ती माझ्यावर कधीच आवाज चढवत नाही. माझं चुकलं की नुसती डावी भुवई वर करते.

आणि ती वाजते!